रांगेतला पहिला ट्रक

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात कोरली ट्रेनविथला सगळे "चोच" म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कुणी "कशी आहेस?" असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी ही बाई उलट चार प्रश्न विचारून मोकळी. खाटकाला विचारणार, सॉसेजमध्ये हल्ली मिरी का कमी झाली. पाद्रीबाईंना विचारणार, प्रवचन आदल्या रात्री लिहिता की सकाळी. दंतवैद्यानं तोंडात बोळे कोंबले, तरी हिचे डोळे त्याला विचारतच असत.

देवानं कामही असं दिलं की स्वभावाला खतपाणीच मिळावं. वॉलरूच्या धक्क्यालगत धान्य साठवायचे उंच पांढरे सायलो आहेत, तिथे तिनं उभी हयात काढली. सुगीत शेतकऱ्याचा ट्रक आला की मचाणावर उभं राहायचं, लांब नळी बार्लीत खुपसायची, वर आलेल्या मूठभर दाण्यांची ओल बघायची, बारीक दाणा किती ते चाळून काढायचं आणि मालाची प्रत ठरवायची. नळी ट्रकमध्ये आणि प्रश्न ड्रायव्हरच्या कानात, अशी दोन्ही कामं एकदमच चालत. कुणाची सून पळाली, कुणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं, हे कोरलीला त्या त्या घरच्या माणसांआधी कळे.

फक्त एका प्रश्नाचं उत्तर तिला कधी मिळालं नाही, आणि ते तिच्याच घरात होतं. नवरा लिंडसे. बार्लीचा शेतकरी, अबोल, सरळ. पूर्वी सगळी बार्ली सरकारी बोर्डालाच घालावी लागे. ती सक्ती उठली आणि शेतकऱ्यापुढे दोन वाटा आल्या. एक म्हणजे रोख: वजनकाट्याच्या खोलीवर फळा टांगलेला, त्यावर त्या घटकेला जो भाव असेल तो घ्यायचा आणि घरी जायचं. दुसरी म्हणजे ढीग: सगळ्यांची बार्ली एकत्र घालायची, व्यापारी ती वर्षभर विकणार आणि शेवटी टनामागे सगळ्यांच्या हाती सारखाच पैसा. पहिल्या सुगीत लिंडसेनं रोख विकली. दुसऱ्या वर्षापासून मरेपर्यंत ढीग. शेजारपाजारचे लोक फळ्यावर भाव चढलेला पाहून उड्या मारत, आणि हा आपला मुकाट्यानं ढिगात.

"अरे, पण का?" कोरली विचारायची.

"झोप लागते," लिंडसे म्हणायचा आणि खरंच झोपायचा.

भित्रा आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याबद्दल एकदा असं काही ठरवलं की ते बदलायला सवड कुणाला असते?

लिंडसेला जाऊन दोन हिवाळे झाले. त्याचा थोरला भाऊ क्लेम मात्र अजून ताठ होता. अठ्ठ्याहत्तरीचा, बिनलग्नाचा, जुन्या शेतघरात एका बहिऱ्या कुत्रीबरोबर राहणारा. दर रविवारी दुपारी तो कोरलीकडे पेस्टी खायला येई. करंजीसारख्या मुरडलेल्या त्या भल्या मोठ्या पेस्ट्यांवर कोपऱ्यात ज्याचं त्याचं आद्याक्षर कणकेचंच चिकटवायचं, ही ट्रेनविथांच्या घरची गावात तांब्याच्या खाणी होत्या तेव्हापासूनची रीत, आणि अजून ती कामाला येई, कारण क्लेमला सलगम चालत नाही आणि कोरलीला त्यावाचून पेस्टी गळी उतरत नाही. रविवारी त्या टेबलाशी बसणारं लिंडसेच्या रक्ताचं एवढं एकच माणूस उरलं होतं. मुलगी टॅम्सिन ॲडलेडला, नातवंडांच्या फुटबॉलमध्ये गुंतलेली. क्लेम एखाद्या रविवारी खेकडे पकडायला गेला आणि आला नाही, तर कोरलीला सोमवार उजाडेपर्यंत चैन पडत नसे.

त्या शरदात दोघा भावांच्या नावचं समाईक शेत विकलं गेलं. बापानं दोघांच्या नावे ठेवलेलं, दोन्ही घरांच्या मधलं. अर्धा पैसा क्लेमचा, अर्धा कोरलीचा. आता हा पैसा ठेवायचा कुठे, हा भुंगा कोरलीच्या डोक्यात शिरला, आणि तिथे भुंगा शिरला की सगळ्या गावाला ऐकू जातो.

"तुझा पैसा कशात आहे गं?" तिनं केस कापून घेता घेता न्हावीणबाईंनाच विचारलं.

"कोरली! असं विचारतात का कुणाला?"

"न विचारता कळतं का?"

बाईंनी कात्री थांबवली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "ईटीएफमध्ये." पोस्टातला गडी म्हणाला, म्युच्युअल फंडात, बापाच्या वेळेपासून. गवतावर चेंडू घरंगळत सोडायच्या बोल्सच्या मैदानावर एका निवृत्त बँकवाल्याला तिनं असं गाठलं की बिचाऱ्याचा चेंडू थेट खड्ड्यात गेला. आठवडाभरात गावातल्या निम्म्या घरांची पुंजी तिला तोंडपाठ झाली, पण दोन्हींत फरक काय, ते काही उलगडेना. शेवटी तिनं टॅम्सिनला फोन लावला. टॅम्सिन हिशेबनीस आहे आणि आईशी बोलताना तिचा आवाज आपोआप वरच्या पट्टीत जातो.

"आई, माल दोन्हीकडे तोच. शेकडो कंपन्यांचे थोडे थोडे समभाग, एका टोपलीत. फरक आहे तो घ्यायच्या पद्धतीत. ईटीएफ बाजारात मिळतो, दिवसभर, मिनिटामिनिटाला भाव वेगळा. घेताना दलाली जाते, पण वर्षाचा खर्च बहुतेक कमी. म्युच्युअल फंडाला तू अर्ज करतेस. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी अर्ज केला, त्या सगळ्यांना दिवसअखेरचा एकच भाव. तो भाव अर्ज करताना तुला ठाऊकही नसतो."

"म्हणजे एक रोख आणि एक ढीग," कोरली म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तू काय घेशील?"

"मी ईटीएफ घेते. पण मी घेते आणि विसरून जाते. तू म्हणजे केक भट्टीत असताना दर पाच मिनिटांनी दार उघडून बघणारी बाई. तुझ्या हातात दिवसभर हलणारा आकडा द्यायची मला भीती वाटते. शिवाय क्लेमकाकाचंही तुलाच बघावं लागणार. तुला फंडच बरा."

हे शेवटचं वाक्य टॅम्सिननं म्हणायला नको होतं. आयुष्यभर नवऱ्याचा ढीग बघून आंबलेली बाई, तिला पोटची पोरगीही ढिगातच घाल म्हणते! ईटीएफच घ्यायचा, असं कोरलीनं तिथल्या तिथे ठरवलं. आणि खरं सांगायचं तर तो हलणारा आकडा तिला हवाच होता. मचाणावरून उतरल्यापासून सकाळी उठून ज्याच्यात नाक खुपसावं असं काही तिच्या घरात उरलं नव्हतं.

रविवारी तिनं क्लेमपुढे सगळं मांडलं. क्लेम पेस्टीचा कोपरा मोडत ऐकत होता.

"तुला काय पाहिजे ते कर," तो म्हणाला. "माझ्याकडे ते हातातले फोनबिन नाहीत, भिंतीवरचा तेवढा आहे. टॅम्सिन माझं खातं उघडून देईल, तिथे तू माझ्या वतीनं बटणं दाब. पण एक अट आहे."

"कसली?"

"तुझं जे होईल ते माझं. तुला जो भाव, तो मला. बरा असो, वाईट असो. दाण्याचाही फरक नको."

"एवढंच ना?" कोरली हसली. आळशी म्हातारा, डोकं चालवायला नको म्हणून अट घालतोय, असं तिला वाटलं. आजवर ती प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत आली, आणि नेमकं तेव्हा तिनं विचारलं नाही.

सगळा पैसा एकदम घालायचा नाही, आधी निम्मा आणि उरलेला महिन्यानं, असं ठरलं. टॅम्सिननं फोनवरून एकेक बटण समजावलं. वर बजावून सांगितलं, "सकाळी बाजार उघडल्याबरोबर दाबू नकोस. सिडनीच्या शेअर बाजारात सगळे समभाग एकदम सुरू होत नाहीत, एकामागून एक होतात. टोपलीतला माल अजून पुरता उघडलेला नसतो, तेव्हा टोपलीचा भाव कुणीही कसाही लावतो. जरा थांब, चहा घे, मग दाब. आणि किती भावापर्यंत घ्यायचं ते लिही, 'मिळेल त्या भावाला' असं देऊ नकोस."

"हो गं," कोरली म्हणाली.

पण सायलोवर जन्म काढलेल्या माणसाला रांगेत मागे राहा म्हणून कसं सांगायचं? यॉर्क द्वीपकल्पावर सुगीत पहिला ट्रक हा मानाचा. लोक अंधारात येऊन फाटकाशी उभे राहतात. ऊन चढायच्या आत ज्याचा माल उतरला तो शहाणा, आणि दुपारी रांगेत वाफाळत बसला तो आळशी. हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. मंगळवारी सकाळी ती केस विंचरून टेबलाशी बसली, जणू पाहुणे यायचेत. बाजार उघडणार सिडनीच्या दहाला, म्हणजे आपल्या साडेनऊला. कुणाचं आधी? प्रश्नच नव्हता. क्लेम थोरला. मान त्याचा. तिनं क्लेमचं खातं उघडलं, बाजार उघडायच्या आधीच मागणी लावून ठेवली, आणि भाव लिहायच्या जागी बोट अडखळलं तेव्हा "मिळेल त्या भावाला" दाबून मोकळी झाली. थोरला दीर, त्याच्या मालाला घासाघीस कशाला!

साडेनऊ वाजले आणि फोन टिंग झाला. क्लेमचं झालं. ती खुशीत आपलं खातं उघडणार, तोच दारात गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. आता दारात आलेल्या माणसाला कोरली काही विचारणार नाही असं होईल का? त्याच्या बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली, मग शस्त्रक्रिया करणाऱ्याचं गाव निघालं. परत येऊन तिनं आपली मागणी लावली, ती लगेच पुरी झाली. मग चष्मा पुसून तिनं दोन्ही भाव शेजारी शेजारी पाहिले.

तिचा भाव कमी होता. क्लेमला महाग पडलं होतं.

फरक काही घर बुडावं असा नव्हता, फार तर गाडीच्या एका टायरइतका. पण तेवढ्याच पैशात तिला जास्त आणि त्याला कमी मिळालं होतं, आणि दाण्याचाही फरक नको म्हणून बजावणारा माणूस तिला डोळ्यांपुढे दिसायला लागला. तिनं टॅम्सिनला फोन केला.

"आई, मी काय सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंस. आता ओरडू नकोस. करू काय?"

"मधला फरक त्याला देऊन टाक. किंवा काहीच बोलू नकोस. क्लेमकाका तुझे आणि त्याचे कागद शेजारी धरून बघणार आहे का कधी?"

कोरलीनं फोन ठेवला. टॅम्सिनचं खोटं नव्हतं. क्लेम पोस्टानं आलेली पाकिटं न फोडता चुलीशेजारी रचून ठेवतो. चूप बसलं असतं तर जन्मात कळलं नसतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिनं हाच विचार चघळला आणि मधूनमधून आकडा बघितला. तो वर गेला तरी तिला आनंद होईना, कारण वर गेला तरी तिचं क्लेमपेक्षा जास्तच होणार होतं. जो आकडा बघायला ती आसुसली होती, तोच आता डोळ्यांत खुपत होता.

रविवारी क्लेम आला, मागोमाग कुत्री. बादलीत निळे खेकडे होते, ते त्यानं मोरीत ओतले आणि हात धुऊन बसला. कोरलीनं त्याच्यापुढे पेस्टी ठेवली आणि स्वतःची न घेताच उभी राहिली.

"क्लेम, मी घोळ केलाय."

"कुत्रीला काही खायला घातलंस का?"

"नाही रे. पैशाचा." आणि तिनं सगळं सांगितलं. पहिला नंबर त्याला दिला ते, साडेनऊचं, गॅसवाल्याचं, दोन भावांचं. "तुला महाग पडलं, मला स्वस्त. तुझी अट मोडली मी. एका टायरइतका फरक आहे, तो मी भरून देते, आत्ता."

क्लेमनं पेस्टी खाली ठेवली. मग खुर्ची मागे सरकवली. कोरलीला वाटलं, आता हा उठणार, टोपी घालणार आणि परत येणार नाही. पैशाचं तिला काहीच वाटत नव्हतं त्या क्षणी. या खुर्चीत रविवारी कुणी बसणार नाही, एवढंच वाटत होतं.

"मला आधी घातलंस," क्लेम म्हणाला. "मान म्हणून."

"हो."

"त्यानंही तेच केलं होतं."

"कुणी?"

"लिंडसेनं. बोर्ड उठलं त्या पहिल्या सुगीत. फाटकाशी आमचे दोन ट्रक पुढेमागे. तो आधी आला होता, पण बाजूला सरला आणि मला म्हणाला, तू थोरला, तू पुढे हो. मी गेलो. फळ्यावर जो भाव होता त्याला माझी सगळी बार्ली ओतली. मी वजन करून फाटकातून बाहेर पडतोय तोच फळा बदलला. भाव चढला. मागून लिंडसेनं चढ्या भावानं विकली."

"हे मला ठाऊकच नव्हतं," कोरली म्हणाली. "त्या वर्षी तुम्हा भावांचं फाटलं, ते तर तुझ्या तेव्हाच्या कुत्र्यावरून ना? लिंडसेच्या मेंढीच्या पिल्लाला चावला म्हणून?"

"कुत्रा कुणाला चावला नव्हता." क्लेमनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे तिला आवडले नाहीत. "मचाणावर तू होतीस, चोचे. सगळ्या गावाची बित्तंबातमी तुझ्याकडे. मला वाटलं, भाव चढणार हे तुला कळलं असणार. तू नवऱ्याच्या कानात सांगितलंस, आणि मान मान म्हणून मला पुढे ढकललं तुम्ही. मी हे त्याच्या तोंडावर बोललो. ईस्टरपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. पुढे बोलायला लागलो. पण हे काही पुरतं गेलं नाही माझ्या डोक्यातून."

कोरली खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांचे रविवार, आणि हा माणूस हे पोटात घेऊन तिच्या हातच्या पेस्ट्या खात होता. तिला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला.

"तुला ठाऊक होतं का?" क्लेमनं विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता. "आता सांगून टाक. आता काही बिघडत नाही."

"बिघडतं, क्लेम," ती म्हणाली. "फळा वजनकाट्याच्या खोलीवर. मचाणावर उभं राहिलं की तो पाठीमागे येतो. आणि नमुना काढणाऱ्यानं भाव बघायचा नाही, असा दंडक होता आम्हाला. नाहीतर प्रत ठरवताना हात हलतो. लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावले असेन मी, पण त्या फळ्याकडे वळून बघितलं नाही. एवढी एकच गोष्ट आहे आयुष्यात, जिच्यात मी चोच घातली नाही."

क्लेम बोटानं कणकेचं ते आद्याक्षर कुरतडत होता.

"आजचं तू सांगितलं नसतंस, तर मला कधी कळलं असतं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग तेव्हाचंही खरंच असणार." तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या छातीतून असा सुस्कारा निघाला की बहिऱ्या कुत्रीनंही मान वर केली. "म्हणून तो ढिगात घालायला लागला. मी तसं बोलून ढिगात गेलो, तर तोही माझ्यामागे. दोन्ही बांधांवर एकच भाव, म्हणजे मला पुन्हा काही म्हणायला जागा नको. आणि मी खुळा समजत होतो, त्याचं मन त्याला खातंय."

"मला वाटायचं, भित्रा आहे," कोरली म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. लिंडसेच्या शवपेटीशी ती इतकी रडली नव्हती. दरवर्षी चढा भाव डोळ्यांसमोरून जाऊ देणारा तो अबोल माणूस, बायकोचे टोमणे खाणारा, भावाचं नाव मात्र कधी न घेणारा. "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडायला आली असतीस."

हे इतकं खरं होतं की ती रडता रडता हसली.

"पण तुम्ही नवरा-बायकोनं कमाल केलीत हं," क्लेम म्हणाला आणि त्यानं पेस्टी पुन्हा उचलली. "मान देऊन देऊन दोनदा बुडवलंत मला."

"फरक भरून देते म्हटलं ना!"

"ठेव तुझा फरक. टायर आहे माझ्याकडे." त्यानं मोठा घास घेतला. "उरलेले पैसे कुठे घालायचे ते सांग. जिथे पुढेमागे उभं राहावं लागत नाही असं काही आहे का?"

"आहे. टॅम्सिन सांगत होती, मीच ऐकलं नाही. खर्च थोडा जास्त पडेल वर्षाला."

"पडू दे."

पुढच्या महिन्यात एका सकाळी कोरलीनं म्युच्युअल फंडाचे दोन अर्ज भरले, एक त्याचा, एक तिचा. आधी कुणाचा पाठवला हे तिच्या लक्षातही राहिलं नाही. भाव किती लागेल ते ठाऊक नव्हतं आणि बघायला काही हलतही नव्हतं, म्हणून ती बागेत जाऊन लिंबाच्या झाडाला पाणी घालत बसली. भाव लागल्याचा निरोप आला तेव्हा तिनं क्लेमच्या घरी फोन लावला. कुत्रीच्या पाण्याचं भांडं लाथाडत तो फोनपाशी आल्याचं तिला ऐकू आलं.

"लागला भाव," ती म्हणाली.

"चांगला की वाईट?"

"ते देवाला ठाऊक. पण दोघांना एकच."

पलीकडे क्लेमनं खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मग झालं," तो म्हणाला. "झोप लागेल."

लिंडसेला विचारायची तेच "का" कोरलीच्या ओठांवर आलं होतं. ती ते बोलली नाही, फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.